दुय्यम विज्ञानपटांचे परीक्षण

श्रोतेहो, चित्रपटांविषयी बोलायचे म्हटले की आपण बहुधा नावाजलेल्या चित्रपटांविषयी बोलतो. ज्यांना पारितोषिके मिळाली, ज्यांच्यावर पुस्तके निघाली, असेच चित्रपट आपल्या चर्चेत येतात, आणि ते रास्तही आहे. पण आज मी ज्या चित्रपटांविषयी बोलणार आहे, ते या पंगतीला कधी बसलेच नाहीत. अमेरिकेत १९५० सालापासून पुढच्या दहा-बारा वर्षांत, थोड्या पैशांत आणि थोड्या दिवसांत उरकलेले हे विज्ञानपट. त्यांत मंगळावर यान उतरते, शुक्रावरून राक्षस येतो, एखादी बाई वाढत वाढत पन्नास फूट उंच होते. एका चित्रपटात तर प्रचंड खेकडे माणसांना खाऊन मग त्यांच्याच आवाजात बोलू लागतात! ऐकतानाच हसू येते ना? येऊ द्या. हसण्याला माझी मुळीच हरकत नाही. माझा प्रश्न एवढाच, की हसून झाल्यावर या चित्रपटांविषयी काही मत द्यायचे असेल, तर ते कोणत्या कसोटीवर द्यायचे?

तुम्ही म्हणाल, एवढा विचार करण्यासारखे त्यात काय आहे? सांगतो. मोठ्या चित्रपटाचे परीक्षण एकाने चुकीचे केले, तर दुसरे दहाजण ते दुरुस्त करायला पुढे येतात. लहान चित्रपटाला ती सोय नाही. त्याच्याविषयी कोणीतरी एकदा चार ओळी लिहितो, आणि त्याच चार ओळी पुढे वर्षानुवर्षे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत जातात. चित्रपट कोणी पाहत नाही, निकाल मात्र सर्वांना पाठ असतो. आम्हां मास्तर लोकांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. उत्तरपत्रिकेवर पहिल्या परीक्षकाने लाल शाईने टाकलेला आकडा दिसला, की दुसऱ्या परीक्षकाचा हातही नकळत त्याच आकड्याकडे वळतो. म्हणून तर पुष्कळ ठिकाणी तो आकडा झाकून ठेवतात. आज आपण तसेच करू. आधीचे गुण झाकून ठेवू आणि चार-पाच उत्तरपत्रिका नव्याने तपासू.

प्रथम हे ‘बी’ चित्रपट म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतला प्रेक्षक थिएटरकडे फिरकेनासा झाला, तेव्हा एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत तिकडे रूढ झाली. त्यांतला मुख्य चित्रपट ‘ए’ आणि जोडीला दिलेला तो ‘बी’. ‘ए’ चित्रपटाचे भाडे गल्ल्याच्या टक्केवारीवर ठरे. ‘बी’चे भाडे मात्र ठरावीक ठोक रकमेचे असे. गोष्ट व्यापाराची आहे खरी, पण पुढचे सारे तिच्यातूनच निघते. चित्रपट कितीही चांगला केला तरी उत्पन्न वाढायचे नाही. मग नफा हवा असेल तर खर्च कमी करणे एवढा एकच मार्ग उरतो. पुढे १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला. मोठ्या कंपन्यांना आपल्या मालकीची थिएटरे सोडावी लागली आणि त्यांचे दुय्यम चित्रपटांचे कारखाने हळूहळू थंडावले. ती जागा लिपर्ट, अलाइड आर्टिस्ट्स, अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स अशा लहान कंपन्यांनी घेतली. काटेकोरपणे बोलायचे तर यांतले कित्येक चित्रपट जुन्या अर्थाने ‘बी’ नव्हतेच, कारण पुष्कळदा एका तिकिटातले दोन्ही चित्रपट सारखेच स्वस्त असत! पण नाव चिकटले ते चिकटलेच.

आणि विषय विज्ञानाचाच का, तेही उघड आहे. १९४५ साली हिरोशिमावर बाँब पडला. १९४७ च्या जूनमध्ये केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाने आकाशात विचित्र वस्तू पाहिल्याचे सांगितले आणि वर्तमानपत्रांतून ‘उडत्या तबकड्या’ हा शब्द जगभर झाला. १९४९ साली रशियाने अणुस्फोट केला, १९५७ साली स्पुटनिक सोडला. लोकांच्या मनात भीती होती आणि कुतूहलही होते. लहान कंपन्यांनी नेमक्या त्या दोन्ही गोष्टी विकायला काढल्या.

आता पहिली कसोटी. चित्रपटाने स्वतःपुढे कोणता प्रश्न घातला होता, हे आधी पाहावे. परीक्षेत आपण मुलाला जो प्रश्न विचारला, त्याचेच उत्तर तपासतो. भूगोलाच्या पेपरात व्याकरणाचे गुण कापत बसत नाही.

‘रॉकेटशिप एक्स-एम’ हा १९५० सालचा चित्रपट घ्या. त्या वर्षी जॉर्ज पाल या निर्मात्याचा ‘डेस्टिनेशन मून’ हा रंगीत, मोठ्या खर्चाचा चित्रपट येणार म्हणून गाजावाजा चालू होता. लिपर्ट कंपनीने ती संधी साधली आणि सुमारे तीन आठवड्यांत आपला चित्रपट उरकून, पालच्या चित्रपटाच्या महिनाभर आधीच तो थिएटरांत लावलासुद्धा. म्हणजे हेतू सरळसरळ धंदेवाईक, दुसऱ्याच्या जाहिरातीवर आपली पोळी भाजून घेण्याचा. पुस्तकांतून आढळते ती चार ओळींची नोंद बहुधा इथेच थांबते. पण चित्रपट पाहिलात तर काय दिसते? चंद्राकडे निघालेले यान वाटेत बंद पडते, भरकटते आणि मंगळावर जाऊन पोचते. यानात चार पुरुष आणि एक स्त्री. ती रसायनशास्त्रज्ञ आहे. इंधनाच्या नव्या मिश्रणाचा हिशेब ती आणि तिचे वरिष्ठ वेगवेगळा करतात. वरिष्ठ आपलाच हिशेब चालवतात आणि यान भलतीकडे जाते. मंगळावर उतरल्यावर या मंडळींना भग्न अवशेष सापडतात, किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र खडखडू लागते आणि कळून चुकते, की इथे एक प्रगत संस्कृती होती आणि तिने अणुयुद्धात स्वतःचा नाश करून घेतला. उरलेले लोक दगडधोंडे घेऊन हिंडणाऱ्या रानटी अवस्थेला गेले आहेत. दोघे प्रवासी तिथेच मारले जातात. बाकीचे तिघे परत निघतात, पण यान उतरवण्यापुरते इंधन उरलेले नसते, आणि तेही मरतात.

श्रोतेहो, ‘डेस्टिनेशन मून’मध्ये सगळे सुखरूप परत येतात. त्या चित्रपटाचा प्रश्न होता, माणूस चंद्रावर कसा जाईल? लिपर्टच्या चित्रपटाचा प्रश्न वेगळा होता. अणुबाँब घेऊन बसलेला माणूस शेवटी कुठे जाईल? हिरोशिमाला पुरी पाच वर्षेही झाली नव्हती. त्या वेळी अमेरिकन प्रेक्षकाला अणुयुद्धाने उजाड झालेला ग्रह दाखवण्याची आणि नायक-नायिकेला मारून टाकण्याची हिंमत या उरकाउरकीच्या चित्रपटाने केली. मंगळावरच्या भागाच्या लेखनात डाल्टन ट्रंबो यांचा हात होता, असे अभ्यासक सांगतात. ट्रंबो म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने वाळीत टाकलेले, त्याच सुमारास तुरुंगात गेलेले लेखक. त्यांचे नाव चित्रपटात नाही, येणे शक्यच नव्हते. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दार बंद केले, त्यांना मागच्या दाराने काम मिळे ते अशाच ठिकाणी. छायालेखक कार्ल स्ट्रस हे तर मूकपटांच्या काळात ‘सनराइज’ या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेले गृहस्थ. मंगळावरची दृश्ये त्यांनी उघड्या वाळवंटात टिपली आणि तेवढाच भाग तांबूस रंगात बुडवून पडद्यावर आणला. बाकी सारा चित्रपट कृष्णधवल. रंग परवडत नव्हता, तर एका ग्रहापुरता परवडवला!

इथून दुसरी कसोटी निघते. पैसा नव्हता, हे खरे. पण नसलेल्या पैशाचे दिग्दर्शकाने काय केले? गरिबी सर्वांचीच होती, तिच्याशी वागण्याच्या तऱ्हा मात्र निरनिराळ्या होत्या. दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवतो.

पहिले, १९५१ सालचा ‘द मॅन फ्रॉम प्लॅनेट एक्स’. दिग्दर्शक एडगर उल्मर. हे मूळचे मध्य युरोपातले, नेपथ्यकार म्हणून तयार झालेले आणि जर्मन मूकपटांच्या तालमीतून अमेरिकेत आलेले. त्यांचा १९४५ सालचा ‘डिटूर’ हाही असाच चणचणीतला चित्रपट. तो १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समाविष्ट झाला. तर या उल्मरना सहा दिवस मिळाले आणि ‘जोन ऑफ आर्क’ या भव्य चित्रपटाचे उरलेले देखावे मिळाले. कथा स्कॉटलंडजवळच्या एका बेटावरची. आता मध्ययुगीन फ्रान्सच्या देखाव्यांचे स्कॉटलंड कसे करायचे? उल्मरनी सगळीकडे धुके सोडले. धुक्यामुळे देखाव्याची कड झाकली गेली, कापडावर रंगवलेले डोंगर खरे वाटू लागले. आणि मुख्य म्हणजे गोष्टीला हवे तेच वातावरण तयार झाले. परग्रहावरचा माणूस धुक्यातून येतो. त्याचा चेहरा म्हणजे एक ताठ मुखवटा, हलत नाही, बोलत नाही. तो फक्त काही सूर काढतो. त्याला आपली हवा मानवत नाही, खांद्यापाशी असलेल्या एका चावीवर त्याचा श्वास चालतो. नायकाला तो प्रथम गुदमरलेल्या अवस्थेत सापडतो. नायक ती चावी फिरवून त्याला वाचवतो, आणि तो पाहुणा विश्वासाने त्याच्यामागून घरापर्यंत चालत येतो. पण घरात एक लोभी शास्त्रज्ञ आहे. एकांत मिळताच तो तीच चावी उलटी फिरवतो आणि पाहुण्याचा छळ करून त्याच्या धातूचे रहस्य काढू पाहतो. पुढे जे वैर सुरू होते, ते तिथून.

मुखवटा स्वस्त होता म्हणून चेहरा हलत नाही. पण चेहरा हलत नाही म्हणूनच तो मित्र की शत्रू, हे शेवटपर्यंत कळत नाही. लष्कर त्याच्या यानाचा नाश करते आणि नायिकेच्या मनात शंका राहते, की त्याचा छळ झाला नसता तर तो मित्र झाला नसता का? ज्या वर्षी अमेरिकेत परका म्हणजे शत्रू असे समीकरण झाले होते, त्या वर्षीची ही शंका आहे. इथे गरिबीने चित्रपटाचे काही बिघडवलेले नाही. उल्मरनी तिला कामाला जुंपले.

दुसरे उदाहरण, १९५३ सालचा ‘रोबॉट मॉन्स्टर’. दिग्दर्शक फिल टकर, चित्रीकरणाचे दिवस चार, खर्च सोळा हजार डॉलरांच्या आसपास सांगतात. कथेत यंत्रमानव हवा होता, पण यंत्रमानवाचा पोशाख परवडेना. जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. त्यालाच बोलावले, डोक्यावर पाणबुड्यासारखे शिरस्त्राण घातले, वर दोन तारा लावल्या, झाला परग्रहवासी! लॉस एंजेलिसजवळच्या ब्रॉन्सन कॅन्यनच्या गुहेपुढे तो उभा राहतो. त्याचे यंत्र साबणाचे फुगे सोडते, आणि त्या फुग्यांच्या यंत्राचा श्रेयनामावलीत मानाने उल्लेखही आहे.

आता हे सारे हास्यास्पद आहे, यात वाद नाही. उल्मरचे धुके गोष्टीच्या कामी येते. टकरचा गोरिला गोष्टीला ठार मारतो, कारण गोष्ट सांगते पृथ्वीवरची सगळी माणसे मेली, आणि डोळ्यांना दिसतो एक केसाळ माणूस टेकडीवर धापा टाकताना. म्हणून या कसोटीवर टकर नापास, असे मी स्पष्ट म्हणेन. पण उत्तरपत्रिका पुरी तपासायची असेल तर दोन गोष्टींचे गुण द्यावेच लागतील. एक, पार्श्वसंगीत. ते एल्मर बर्नस्टाइन यांचे आहे, ज्यांनी पुढे तीनच वर्षांनी ‘द टेन कमांडमेंट्स’ला आणि नंतर ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ला संगीत दिले. राजकीय संशयामुळे तेव्हा त्यांनाही मोठी कामे मिळत नव्हती. पडद्यावर काय चालले आहे याची पर्वा न करता हा माणूस गंभीरपणे आपले काम करतो. दुसरी गोष्ट, त्या गोरिलाचे मनोगत. उरलेल्या मूठभर माणसांना मारण्याची त्याला वरून आज्ञा आहे, पण त्यांतल्या मुलीवर त्याचे मन बसते. आज्ञा पाळलीच पाहिजे आणि पाळवत तर नाही, अशा पेचात तो स्वतःशी बोलतो. शब्द ओबडधोबड आहेत, पण आज्ञेने माणसे मारणाऱ्याला प्रथमच पडलेला प्रश्न म्हणून ऐका. विचार पोरकट नाही.

आणखी एक. हा चित्रपट त्रिमिती पद्धतीने चित्रित झाला होता, प्रेक्षकांनी खास चष्मा लावून पाहण्यासाठी. त्यानंतर कितीतरी वर्षे लोकांनी तो पाहिला तो सपाट, झिजलेल्या, खरखरणाऱ्या प्रतींवरून, दूरचित्रवाणीवर. २०२३ साली त्याची त्रिमिती आवृत्ती दुरुस्त करून पुन्हा दाखवण्यात आली. तेव्हा परीक्षकाने आपल्यासमोर कोणती प्रत आहे, हेही विचारले पाहिजे. ‘रॉकेटशिप एक्स-एम’मध्ये तर १९७० नंतरच्या दशकात काही दृश्ये नव्याने चित्रित करून घुसडली गेली. ती पाहून १९५० च्या मंडळींना शाबासकी देणे किंवा दोष देणे, दोन्ही अन्यायाचेच.

तिसरी कसोटी विज्ञानाची. इथे बहुतेकजण सरसकट लाल रेघा मारत सुटतात. माझ्या मते विज्ञानाच्या चुकांचे तीन प्रकार करावेत. एक चूक काळाची. मंगळावर माणसे केवळ प्राणवायूचे मुखवटे लावून हिंडतात, याला आज आपण हसतो. पण मंगळाचे वातावरण किती विरळ आहे, हे नीट कळले ते १९६५ साली ‘मरिनर ४’ त्याच्याजवळून गेल्यावर. १९५० च्या लेखकाला १९६५ चे ज्ञान नव्हते म्हणून त्याचे गुण कापता येत नाहीत. दुसरी चूक निष्काळजीपणाची. हवा नसलेल्या अवकाशात उल्का घोंघावत जातात. अवकाशात आवाज होत नाही, हे १९५० साली शाळेतल्या मुलालाही सांगता आले असते. इथे खुशाल गुण कापा. तिसरा प्रकार म्हणजे गोष्टीपुरती घेतलेली सूट, जी आपण एच. जी. वेल्सनाही देतो. काळयंत्र कसे चालते, हे त्यांना कोणी विचारत नाही.

या संदर्भात रॉजर कॉर्मन यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५६ साली त्यांनी ‘इट कॉंकर्ड द वर्ल्ड’ काढला. राक्षस शुक्रावरचा. कॉर्मन शिक्षणाने इंजिनिअर. त्यांनी विचार केला, जड गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावरचा प्राणी उंच कसा असेल? बसका आणि रुंदच असणार. पॉल ब्लेझडेल या कारागिराने त्याप्रमाणे बुटका राक्षस तयार केला. चित्रीकरणाच्या वेळी नायिका बेव्हर्ली गार्लंड त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे खाली पाहून तिने त्याची यथेच्छ टर उडवली. झाले, राक्षसाला घाईघाईने उंच डोके चढवावे लागले. गंमत अशी, की शुक्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा किंचित कमीच आहे. म्हणजे तर्क बरोबर, पण गृहीत धरलेली गोष्ट चूक. आणि तर्क बरोबर असता तरी नाट्याचा नियम सांगतो, की ज्याला भ्यायचे तो आपल्यापेक्षा उंच हवा. स्वस्त राक्षसामागेही असा विचार झालेला असतो, हे कळले की आपले हसणे बंद पडत नाही, पण ते जरा समंजस होते.

आता चौथी कसोटी, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. मोठे चित्रपट जे बोलायला कचरत होते, ते या चित्रपटाने बोलून दाखवले का?

यासाठी फारसा कोणाला ठाऊक नसलेला एक चित्रपट घेतो. ‘द क्रिएशन ऑफ द ह्युमनॉइड्स’, साल १९६२, दिग्दर्शक वेस्ली बॅरी. अणुयुद्धात मानवजातीचा शेकडा ९२ भाग नष्ट झाला आहे. उरलेल्यांची कामे करायला यंत्रमानव तयार केले आहेत, निळसर कातडीचे, केस नसलेले, नम्र बोलणारे. माणसांना त्यांची भीती वाटते. त्यांना हिणकस नावाने हाक मारतात आणि त्यांना काबूत ठेवण्यासाठी रक्तामांसाच्या माणसांची एक संघटना काढतात, जिचे लोक गणवेश घालून गस्त घालतात. नायक क्रेगिस हा त्या संघटनेचा कडवा पुढारी. त्याची बहीण एका यंत्रमानवाबरोबर संसार थाटून राहते, ही त्याला कुळाला काळिमा वाटते. बहिणीला समजवायला तो जातो तो प्रसंग पाहा. शब्द बदलले तर तो त्या काळच्या अमेरिकेतल्या कुठल्याही गोऱ्या घराच्या दिवाणखान्यात घडू शकला असता, आणि जरा आणखी बदलले तर आपल्याकडेही घडू शकेल. शेवटी काय होते? या क्रेगिसला समजते, की तो स्वतःच यंत्रमानव आहे. मेलेल्या माणसाच्या आठवणी घालून त्याला तयार केले आहे. ज्यांचा आयुष्यभर द्वेष केला, त्यांच्यातलाच तो एक.

१९६२ साली अमेरिकेच्या कित्येक राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला कायद्याने बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली १९६७ साली. अशा वेळी मोठ्या कंपनीच्या मोठ्या नटाला घेऊन हा विषय पडद्यावर आणणे सोपे नव्हते. निळ्या रंगाच्या माणसांना घेऊन मात्र आणता आला! सेन्सॉरही बोलला नाही आणि प्रेक्षकही बिथरला नाही.

दोषही सांगितलेच पाहिजेत. हा चित्रपट जवळजवळ हलतच नाही. पात्रे एका जागी उभी राहून लांबलचक भाषणे करतात. आपल्याकडच्या जुन्या नाटकांची आठवण व्हावी. देखावे तुटपुंजे आहेत. पण छायालेखक हाल मोर दोन ऑस्कर मिळवलेले, आणि रंगभूषा जॅक पिअर्स यांची, ज्यांनी १९३१ साली फ्रॅंकेन्स्टाइनच्या राक्षसाचा जगप्रसिद्ध चेहरा घडवला होता. उतारवयात या मोठ्या कलावंतांना असली कामे करावी लागली, याचे वाईट वाटते. पण त्यांच्या हातांनी जे केले ते पडद्यावर राहिले आहे, आणि ते पाहणे हे आपले काम आहे.

आता ज्याच्या नावाशिवाय हा विषय पुरा होत नाही, त्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’कडे वळतो. एडवर्ड वुड या दिग्दर्शकाने तो १९५६ साली चित्रित केला. बेला लुगोसी हे प्रसिद्ध नट त्या ऑगस्टमध्ये वारले होते. त्यांची आधी टिपून ठेवलेली थोडी मूक दृश्ये वुडने वापरली आणि बाकीचे काम एका ओळखीच्या माणसाच्या तोंडावर झगा धरून भागवले. स्मशानातली थडगी हलतात, एकाच प्रसंगात दिवसाची रात्र होते. १९८० साली हॅरी आणि मायकेल मेडवेड या बंधूंच्या एका विनोदी पुस्तकात, वाचकांच्या मतांवरून, ‘आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट’ असा किताब त्याला मिळाला. वुड त्याआधी दोनच वर्षे वारला होता.

या किताबाने एक विचित्र गोष्ट केली. चित्रपट जगप्रसिद्ध झाला, पण त्याला गंभीरपणे पाहणे बंद झाले. माझे म्हणणे असे नाही, की तो छुपा उत्तम चित्रपट आहे. तो नाहीच. पण ‘सर्वांत वाईट’ हे परीक्षण नव्हे. सर्वांत वाईट चित्रपट तो, जो पाहताना आपण घड्याळाकडे बघतो आणि घरी पोचेपर्यंत विसरतो. असे चित्रपट भरपूर पैसा खर्चून दरवर्षी निघतात, त्यांची कोणी थट्टासुद्धा करत नाही. वुडच्या चित्रपटात परग्रहवासी पृथ्वीवर येतो तो सांगायला, की तुमचे एकेक शस्त्र आधीच्यापेक्षा भयंकर होत चालले आहे आणि एके दिवशी तुम्ही सूर्यप्रकाशाचाच स्फोट करून आमचेही जग संपवाल. उत्तरादाखल नायक त्याच्या थोबाडीत ठेवून देतो! संवाद हास्यास्पद, अभिनय त्याहून. पण त्या प्रसंगात शहाणपणाची बाजू कोणाची आहे, हे एकदा तपासून पाहा.

आपल्या देशाशी या चित्रपटांचा संबंध अगदीच नाही, असे मात्र समजू नका. ‘रॉकेटशिप एक्स-एम’ काढणाऱ्या त्याच लिपर्ट कंपनीने सेलमच्या मॉडर्न थिएटर्सशी भागीदारी करून १९५२ साली ‘द जंगल’ नावाचा चित्रपट आपल्याकडे चित्रित केला. त्यात आदिम काळातले केसाळ हत्ती हवे होते, म्हणून आपल्या हत्तींच्या अंगावर लोकरीसारखे केस चढवले. हत्तींनी ते निमूटपणे सोसले! पुढे १९६७ साली हिंदीत दारासिंग ‘चाँद पर चढाई’ करून आले, आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षे आधी. या चित्रपटांनाही मी वरच्याच कसोट्या लावीन. चंद्रावर जाऊन तिथेही कुस्तीच खेळली, ही तक्रार मी करणार नाही, कारण दारासिंगांना घेतले ते त्यासाठीच. पण चंद्रावर गेल्याने गोष्टीत नवे काय आले, हे मात्र जरूर विचारीन.

तर श्रोतेहो, थोडक्यात असे. दुय्यम चित्रपटाला दोन तऱ्हेने अन्याय होतो. एक, न पाहता हिणवल्याने. दुसरा, दयेपोटी कृपेचे गुण दिल्याने. आजकाल हा दुसरा प्रकारही वाढला आहे. जुना आहे, गरीब आहे, म्हणून वाहवा करायची. त्याने टकर आणि उल्मर एकाच ओळीत बसतात, आणि सहा दिवसांत ज्याने जिवापाड मेहनत केली त्याची मेहनत वाया जाते. नापास झालेल्याला नापास म्हणावे, पण उत्तरपत्रिका शेवटच्या पानापर्यंत वाचून म्हणावे. कित्येकदा मुलाने खरे उत्तर शेवटच्या पानावर, वेळ संपता संपता, घाईच्या अक्षरात लिहिलेले असते.

तुम्हांला कधी असा एखादा चित्रपट पाहायला मिळाला, तर पहिली दहा मिनिटे खुशाल हसून घ्या. मग एकच प्रश्न मनाशी धरून पुढे पाहा, की हे सगळे करणाऱ्यांना आपल्याला काय सांगायचे होते? उत्तर मिळाले नाही, तर तुमची दीड तासाची करमणूक झाली असे समजा. मिळाले, तर ते लिहून ठेवा. कदाचित त्या चित्रपटाविषयी कोणीतरी तो पाहून लिहिलेल्या त्या पहिल्याच चार ओळी ठरतील.